मिसेस क्वार्मबींच्या पावाची तनुता

श्रीयुत हॉरेस लॅथबरी यांच्या तोंडून उभ्या जन्मात एकच अपशब्द गेला, आणि तोही मुळात अपशब्द नव्हता, हे आरंभीच सांगून टाकणे न्यायाचे होईल. पुढे मेल्स्टन गावात जो काही अनर्थ ओढवला, त्याचे मूळ एका स्तुतिवाक्यात होते, आणि ते स्तुतिवाक्य अगदी निर्मळ मनाने उच्चारलेले होते. स्तुती करणाऱ्याचे मन निर्मळ असले की त्याला शब्दांचे भान राहत नाही; निंदा करणारा मात्र शब्द पारखून घेतो. म्हणूनच जगात निंदेने भांडणे कमी होतात आणि स्तुतीने अधिक होतात, असे पुढे हॉरेसना वाटू लागले. परंतु ते पुढचे झाले.

हॉरेस गावातील बँकेत मुख्य रोखपाल होते. सकाळी न्याहारीच्या टेबलावर वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडवावे, त्यात एखादा दुर्मिळ शब्द गवसला तर तो मनाच्या तिजोरीत ठेवावा, आणि योग्य प्रसंग येताच व्याजासकट बाहेर काढावा, असा त्यांचा अनेक वर्षांचा नेम होता. शेजारपाजारचे गृहस्थ निवृत्तीच्या वयाकडे झुकले की गुलाब लावतात. हॉरेस शब्द लावीत. अडचण एवढीच, की गुलाब कोणाला आवडला नाही तरी तो कोणाला लागत नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या तिजोरीत एक शब्द नुकताच येऊन पडला होता. तो शब्द 'टेन्युइटी'. कोड्यातील सूचना होती, 'पातळपणा', आणि उत्तराची सातही घरे जेव्हा बरोबर भरली, तेव्हा हॉरेसनी अंड्याचा चमचा खाली ठेवून तो शब्द दोनदा मोठ्याने म्हटला होता. जिभेवर तो रेशमासारखा सरकला. असा शब्द उगाच खर्च करण्याजोगा नव्हता. त्यासाठी पातळ, सुंदर आणि स्तुतीला पात्र अशी एखादी वस्तू समोर यायला हवी होती.

ती वस्तू शनिवारी मिसेस ऑगस्टा क्वार्मबी यांच्या बैठकीच्या खोलीत, निळ्या नक्षीच्या बशीत, समोर आली.

प्रसंग सोयरिकीचा होता. हॉरेस यांची एकुलती एक कन्या हेस्टर हिचा विवाह क्वार्मबींच्या जेरल्डशी ठरला होता. जेरल्ड गुरांचा डॉक्टर. सप्टेंबरपासून त्याला दूरच्या गावातल्या एका वृद्ध डॉक्टरांच्या हाताखाली काम मिळाले होते आणि दवाखान्यावरचे घरही मिळणार होते. मात्र ते घर विवाहितासच द्यायचे, असा त्या वृद्धांचा हट्ट होता, कारण मागच्या अविवाहित मदतनिसाने त्यांचा गालिचा जाळला होता. तेव्हा ऑगस्ट संपण्यापूर्वी विवाह उरकणे भाग होते, आणि विवाहापूर्वी ओळीने तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावे वाचली जाणे भाग होते. म्हणून दोन्ही घरच्या मंडळींनी एकदा चहाला बसून सारे नक्की करावे, असे ठरले.

मिसेस क्वार्मबी ह्या एका बड्या धर्माधिकाऱ्याची कन्या. त्यांचे घराणे, त्यांचा बगीचा आणि त्यांचा मुलगा यांविषयी गावात मतभेद होते. त्यांच्या लोणी-पावाविषयी नव्हते. पाव कापून त्यावर लोणी लावणे ही सामान्यांची रीत. मिसेस क्वार्मबी अख्ख्या पावाच्या कापलेल्या तोंडावर आधी लोणी लावीत, सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घेत, आणि मग श्वास रोखून काप काढीत. तो काप बशीत ठेवला की खालची निळी नक्षी वरून मोजता येई. उन्हाळी प्रदर्शनात लोणी-पावाच्या स्पर्धेत त्यांच्याविरुद्ध नाव द्यायला गेली कित्येक वर्षे कोणी धजावले नव्हते. युद्धकाळापासूनचे लोण्यावरचे रेशन उठून जेमतेम वर्ष झाले होते. तुटपुंज्या लोण्याच्या त्या लांबलचक काळातही ही कला त्यांनी जतन केली होती, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता.

हॉरेसनी एक काप उचलला. तो बोटांवर लवला. त्यातून पलीकडे बसलेले मेजर क्वार्मबी धूसर का होईना, पण दिसले. हॉरेस यांचे अंतःकरण भरून आले. त्यांनी काप किंचित उंच धरला आणि ते म्हणाले, "मिसेस क्वार्मबी, काय ही टेन्युइटी! अशी टेन्युइटी मी कुठल्याच घरात पाहिली नाही."

सर्वांनी आपापल्या कपात पाहिले. क्वार्मबींच्या कुत्र्यानेही मान वर केली.

आता त्या इंग्रज समाजाची एक रीत सांगणे आवश्यक आहे. समोरच्याने न समजणारा शब्द वापरला, तर त्याचा अर्थ विचारायचा नसतो. चारचौघांत शब्दाचा अर्थ विचारणे म्हणजे चारचौघांत पायमोजा काढण्यासारखे आहे. सभ्य माणूस हसतो, हवेविषयी काही बोलतो, घरी जातो, दार लावून घेतो आणि मग कोश उघडतो. खरी मेख अशी, की प्रत्येक घरातला कोश निराळा असतो.

"असं का? किती बाई छान बोलता तुम्ही," मिसेस क्वार्मबी म्हणाल्या, आणि त्यांनी बशी किंचित स्वतःकडे ओढली.

"काय म्हणाले ते?" मेजरांनी विचारले. युद्धात तोफांच्या जवळ राहिल्याने त्यांना कमी ऐकू येई. "ॲन्युइटी? वर्षासन?"

"केक घ्या," मिसेस क्वार्मबी म्हणाल्या.

घरी परतताना हॉरेस प्रसन्न होते. त्यांची पत्नी मॉड मात्र हातातली पिशवी घट्ट धरून झपझप चालत होती.

"हवा, बाग आणि कुत्रा," ती म्हणाली. "एवढेच विषय दिले होते मी तुला, हॉरेस."

"कुत्र्याबद्दल बोललो की मी."

"तू कुत्र्याला 'श्वानश्रेष्ठ' म्हणालास. ते बिचारं सोफ्याखाली जाऊन बसलं."

"मॉड, तुला शब्दांची गोडी नाही."

"मला मुलीच्या लग्नाची गोडी आहे," मॉड म्हणाली.

सोमवारी बँक उघडताच मेजर क्वार्मबी हॉरेस यांच्या खिडकीपाशी येऊन उभे राहिले. ज्यांना कमी ऐकू येते ती माणसे इतरांनाही कमी ऐकू येते असे गृहीत धरतात. मेजरांचा आवाज बँकेतच काय, समोरच्या खाटकाच्या दुकानातही पोचला.

"लॅथबरी! तुमची कल्पना मला फार आवडली. मुलांसाठी वर्षासन! रोखठोक माणूस आहात तुम्ही. चहाच्या टेबलावरच विषय काढलात!"

"मेजर, माफ करा, मी टेन्युइटी म्हणालो होतो."

"तेच ते, ॲन्युइटी. दरवर्षी द्यायची की सहामाही?"

"टेन्, मेजर! टेन्!"

"दहा? दरवर्षी दहा? मग तर फारच रास्त आहे!" असे म्हणून मेजर टोपी उंचावून निघून गेले. मागे रांगेत उभ्या असलेल्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिले नाही. आणि जेव्हा ती मंडळी एकमेकांकडे पाहत नाहीत, तेव्हा बातमी सर्वांत वेगाने पसरते. दुपारपर्यंत गावात झाले, की लॅथबरींनी मुलगी देताना वराकडून वर्षासन मागितले. बँकेचे व्यवस्थापक जाता जाता हॉरेस यांच्या टेबलापाशी थांबले आणि "आज हवा बरी आहे" असे अशा स्वरात म्हणाले, की हॉरेसना दिवसभर घाम फुटत राहिला.

परंतु खरा आघात संध्याकाळी झाला. हॉरेस बागेत पाणी घालीत असता कुंपणावर मिसेस टिबिट्स यांची स्ट्रॉची टोपी उगवली. मिसेस टिबिट्स ह्या शेजारच्या विधवा बाई. गावातील एकही गोष्ट आपल्याला कळल्यावाचून घडू नये, या एकाच ध्येयाने जगणाऱ्या. त्यांच्याकडे काम करणारी एल्सी क्वार्मबींकडेही भांडी घासत असे.

"मिस्टर लॅथबरी, मी काही बोलणार नाही," त्या म्हणाल्या, "पण ऑगस्टानं काल रात्री वडलांचा कोश काढला. तो दोन खंडांचा, कातडी बांधणीचा."

"वा! म्हणजे त्यांना अर्थ कळला!"

"कळला ना. दारिद्र्य."

हॉरेस यांच्या हातातील झारी वाकडी झाली आणि पाणी त्यांच्या बुटात गेले. "काय?"

"दारिद्र्य, कमतरता, हलाखी. एल्सीनं स्वतः ऐकलं. 'माझ्या घरी येऊन हा मनुष्य माझं लोणी मोजून गेला,' असं म्हणाली ऑगस्टा. आणि मग म्हणाली, लग्नाची एवढी घाई काय आहे, पुढच्या वसंतात बघू." मिसेस टिबिट्स यांनी उसासा टाकला. "तुम्ही असं करा, एक छानसा केक घेऊन जा आणि 'छान आहे' एवढंच म्हणा. तुम्हाला जमेल ना एवढं? दोनच शब्द आहेत."

'पुढच्या वसंतात बघू' या वाक्याचा अर्थ त्या देशातील कोणत्याही कोशात नसला तरी सर्वांना ठाऊक असतो. त्याचा अर्थ 'नाही'.

रात्री हेस्टर डोळे पुसत जिन्यावर बसली होती. कायद्याने सासूच्या आशीर्वादाची गरज नव्हती, हे तिलाही ठाऊक होते. पण ती म्हणाली, "डॅडी, जेरल्डला आई आणि मी यांतलं एक निवडायला लावून मी संसार मांडणार नाही. आणि मला तुम्ही आणि तो यांतलंही निवडायचं नाहीये. तुम्ही बोललात, आता तुम्हीच निस्तरा."

"बाळ, मी त्यांच्या पावाची स्तुतीच केली होती."

"मग मराठमोळ... नव्हे, आपल्या साध्या भाषेत करायची होतीत!" असे ती म्हणाली असती, तर गोष्ट इथेच मिटली असती, परंतु ती इंग्रज कन्या, तिने फक्त नाक शिंकरले. वाचकहो, हेस्टरच्या तोंडी भलतीच भाषा घालण्याचा मोह मला झाला, तो त्या मुलीच्या अश्रूंमुळे, क्षमा असावी.

पुढच्या रविवारी आणखी एक भर पडली. गावचे धर्मगुरू रेव्हरंड पॉन्सफोर्ड यांच्याही कानी तो शब्द गेला होता, आणि त्यांनीही घरी दार लावून आपला कोश उघडला होता. त्यांचा कोश विज्ञानाकडे झुकणारा. त्यात अर्थ निघाला, 'उंच पर्वतावरील हवेची विरलता'. सौम्य प्रकृतीच्या त्या सत्पुरुषास वाटले, लॅथबरींनी मिसेस क्वार्मबींच्या घरातील वातावरणाला पर्वतशिखराची उपमा दिली! किती उदात्त! मग त्यांनी त्या दिवसाचे प्रवचन बदलले. आत्मा जसजसा वर चढतो तसतशी त्याला टेन्युइटी प्राप्त होते, असे ते म्हणाले. आणि "आपल्यातील एका भगिनीच्या गृही ती आधीच नांदते आहे" असे म्हणून त्यांनी मोठ्या वात्सल्याने पुढच्या बाकाकडे पाहिले.

पुढच्या बाकावर मिसेस क्वार्मबी बसल्या होत्या. त्यांच्या टोपीवरील पीस थरथरू लागले. धर्मपीठावरून, सर्व गावासमक्ष, आपल्या दारिद्र्याचा उद्घोष झाला, असेच त्यांना वाटले. "आमेन," मेजर मोठ्याने म्हणाले. "वर्षासन ही देवाचीच देणगी आहे!"

आता हॉरेस यांचा स्वाभिमान जागा झाला. आपण म्हणालो तो अर्थ खरा, बाकीचे भ्रम, हे सिद्ध करायचे तर प्रमाणग्रंथ हवा. घरगुती कोशांचे ते काम नव्हे. जिल्ह्याच्या ग्रंथालयात भाषेचा महाकोश होता. त्याचे अनेक जाडजूड खंड ओळीने उभे असत, आणि त्यांच्यासमोर उभे राहिले की माणसाला आपोआप टोपी काढावीशी वाटे. हॉरेस अर्ध्या दिवसाची रजा टाकून बसने तेथे गेले.

"'टी' अक्षराचा खंड बांधणीला गेलाय," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"दुसरी प्रत?"

"आहे. संशोधकांच्या खोलीत. पण तिथे बसायला परवानगी लागते."

"मग द्या."

"मला नाही देता येत. ग्रंथालय समितीच्या अध्यक्षांची सही लागते."

"आणि अध्यक्ष कोण?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "मेजर क्वार्मबी."

हॉरेस काही क्षण त्या अनेक खंडांकडे पाहत राहिले. 'एस'नंतर जी मोकळी जागा होती, ती त्यांना दात पडलेल्या जागेसारखी दिसली. मग ते पुन्हा बसने परत आले, मेजरांना त्यांच्या बागेच्या फाटकापाशी गाठले आणि काही न बोलता अर्ज पुढे केला. न बोलणे हे त्या आठवड्यात त्यांनी प्रथमच केलेले शहाणपण होते. मेजरांनी अर्ज न वाचता सही ठोकली. "वर्षासनाचे कागद ना? शाबास! ऑगस्टाला आत्ताच सांगू नका, हल्ली तिला काय झालंय कळत नाही. पाव बघितला की उसासे टाकते."

दुसऱ्या दिवशी संशोधकांच्या खोलीत, हिरव्या छटेच्या दिव्याखाली, हॉरेसनी महाकोश उघडला. बोट खाली सरकत सरकत त्या शब्दापाशी आले. तेथे प्रथम लिहिले होते: पातळपणा, सडपातळपणा. हॉरेस यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी पुढे वाचले, आणि तो मावळला. हवेची विरलता होती. म्हणजे रेव्हरंड पॉन्सफोर्ड बरोबर. प्रकाशाचा मंदपणा होता, आवाजाचा क्षीणपणा होता, लेखनशैलीचा फिकेपणा होता. आणि त्या सर्वांच्या शेजारी, जुन्या ग्रंथकारांच्या आधारासह, ठामपणे उभे होते: दारिद्र्य, हलाखी.

महाकोश हे मोठे निःपक्षपाती न्यायासन आहे. तेथे गेलेला प्रत्येक वादी जिंकतो, आणि म्हणून एकही वाद मिटत नाही. एका अर्थापाशी शब्द सुखाने बसला असता तर त्याला शब्द कोण म्हणाले असते? आपल्याकडचा 'तनु' शब्द या शब्दाच्या लॅटिन मुळाचा दूरचा भाऊबंदच. तोही 'कृश' असे म्हणता म्हणता 'शरीर' होऊन बसला, आणि कितीही स्थूल मनुष्य असला तरी त्याच्या देहाला आपण आदराने तनूच म्हणतो. भाषेला ही थट्टा अनादिकाळापासून आवडते. परंतु हिरव्या दिव्याखाली बसलेल्या हॉरेसना त्या क्षणी ती आवडली नाही. त्यांना एवढेच कळले, की आपण त्या बाईंना 'तुमचा पाव पातळ आहे' असेही म्हणालो आणि 'तुम्ही भिकेला लागला आहात' असेही म्हणालो. आणि दोन्ही वाक्ये एकाच श्वासात, लोणी तोंडात असताना.

इकडे जेरल्डने आईपुढे हात जोडले होते. एकदा, फक्त एकदा, लॅथबरींना पुन्हा चहाला बोलाव. मिसेस क्वार्मबी इतक्या चटकन आणि इतक्या गोडपणे "हो" म्हणाल्या, की जेरल्डला आनंदाऐवजी भीतीच वाटली. उद्या पहिल्यांदा नावे वाचली गेली नाहीत तर ऑगस्टचे गणित चुकणार, आणि दवाखान्यावरचे घर गालिचा न जाळणाऱ्या दुसऱ्या कोणा जोडप्याला जाणार, अशा शनिवारी लॅथबरी मंडळी निघाली. हॉरेसनी शब्दाच्या सर्व अर्थांचे विवेचन मनाशी जुळवले होते. मॉडने दारातच त्यांचा टाय सरळ केला आणि म्हटले, "आज तू बोलायचं नाहीस. एक अक्षर नाही. फक्त खायचंस. जे समोर येईल ते खायचंस."

"पण मॉड, लॅटिन मुळाचा संदर्भ दिल्याशिवाय—"

"खायचंस, हॉरेस."

टेबलाच्या मध्यभागी भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेले काहीतरी उंच होते. सर्व मंडळी बसली. मिसेस क्वार्मबींनी रुमाल उचलला.

खाली पाव होता. परंतु तो कापलेला आहे, असे म्हणणे धाडसाचे झाले असते. तो फोडलेला होता. एकेक काप चर्चमधल्या प्रार्थनाग्रंथाएवढा जाड. वर लोण्याचा थर असा, की त्यात चमचा उभा राहावा. गाडीवान लोक पहाटे चहात बुडवून खातात तसल्या ढिगाऱ्याला त्या घरात प्रथमच चांदीच्या चिमट्याचा स्पर्श होत होता.

"संकोच करू नका," मिसेस क्वार्मबी म्हणाल्या. "या घरात अजून तरी काही कमी नाही, हे तुमच्या नजरेस यावं, एवढीच माझी इच्छा आहे, मिस्टर लॅथबरी."

हेस्टरने डोळे मिटले. जेरल्ड खिडकीबाहेर पाहू लागला. हॉरेस बोलण्यासाठी श्वास घेणार तोच टेबलाखाली मॉडची टाच त्यांच्या पावलावर पडली. त्यांनी एक काप दोन्ही हातांनी उचलला, तोंड उघडेल तेवढे उघडले आणि चावा घेतला.

चावा आत गेला; परत आला नाही. कवच टणक, आतला गाभा चिवट, आणि लोणी थंड. हॉरेसनी मान मागे ओढली. मान आली, काप हातात राहिला, आणि त्या कापात, चंद्रकोरीसारखी नेटकी, त्यांची वरची कवळी राहिली.

कोणीही काही पाहिले नाही. त्या देशातील लोकांना अशा वेळी न पाहण्याचे शिक्षण लहानपणापासून मिळालेले असते. "पाऊस येईल का?" जेरल्डने भिंतीला विचारले.

आणि त्याच वेळी बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "दार उघडंच होतं म्हणून आले हो मी! जुन्या वस्तूंच्या बाजारासाठी काही द्यायचंय का, ऑगस्टा?" आणि मिसेस टिबिट्स यांची स्ट्रॉची टोपी दारात उगवली.

टोपी थांबली. तिच्याखालचे दोन डोळे टेबलावर गेले, त्या ढिगाऱ्यावर स्थिरावले आणि विस्फारले.

"अगं बाई! ऑगस्टा! तुझ्या घरी हे? हे असे काप?"

मिसेस क्वार्मबींचा चेहरा पांढराफटक पडला. ज्याच्यासाठी सारा सूड रचला होता, त्यानेच तो पाहावा, एवढीच त्यांची योजना होती; मिसेस टिबिट्स यांनी पाहणे म्हणजे संध्याकाळपर्यंत साऱ्या मेल्स्टनने पाहणे. उन्हाळी प्रदर्शन, इतक्या वर्षांची ख्याती, वडिलांचे नाव, सारे त्या एका ढिगाऱ्याखाली गाडले जाणार होते. हॉरेसनी पाहिले, समोर धर्माधिकाऱ्यांची करारी कन्या नव्हती. पकडली गेलेली एक घाबरलेली बाई होती.

हॉरेस यांच्यापाशी त्या घटकेला इंग्रजी भाषेतील कितीतरी भारदस्त शब्द होते. त्यांतला एकही कामाचा नव्हता. त्यांनी खांदा वळवून कवळी सोडवली, जागच्या जागी बसवली आणि ते म्हणाले, "ते माझे आहेत."

"काय तुमचे?" मिसेस टिबिट्स यांनी विचारले.

"काप. मीच मागितले. मला भूक फार लागते, मिसेस टिबिट्स. मागच्या खेपेला इथून मी उपाशी गेलो. पातळ कापांनी माझं काही होत नाही, मला जाड लागतात, गाडीवानाचे लागतात तसे. मिसेस क्वार्मबी नको नको म्हणत होत्या, मीच हट्ट धरला." आणि आपले म्हणणे खरे करण्यासाठी त्यांनी आणखी एक काप पुढ्यात ओढून घेतला.

मॉडने पतीकडे पाहिले. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण अशा नजरेने तिने त्यांच्याकडे बहुधा पहिल्या वर्षीच पाहिले असेल. मग ती उसासा टाकून म्हणाली, "काय सांगू तुम्हाला! घरी तर यांना अख्खा पाव पुरत नाही. मी कुणाला कळू देत नव्हते."

"अस्सं होय!" मिसेस टिबिट्स यांचा चेहरा समाधानाने फुलला. "म्हणजे ती टेन्युइटी..."

"पातळ हो. पातळ आहे, मला पुरत नाही, एवढंच म्हणायचं होतं. सरळ मागायची लाज वाटली."

मिसेस क्वार्मबी हॉरेस यांच्याकडे एकटक पाहत होत्या. मग त्या उठल्या, अख्खा पाव पुढे घेतला, त्याच्या तोंडावर लोणी लावले, सुरी पुसली, श्वास रोखला आणि एक काप काढून मिसेस टिबिट्स यांच्या बशीत ठेवला. त्यातून बशीची नक्षी लख्ख दिसत होती. "आमच्याकडे पाव असाच कापतात," त्या म्हणाल्या. "मिस्टर लॅथबरींची गोष्ट वेगळी. ते आता घरचे आहेत." आणि मग मुलाकडे वळून, "जेरल्ड, अरे बसलास काय? आत्ताच्या आत्ता रेव्हरंड पॉन्सफोर्डना गाठ. उद्या नावं वाचायची आहेत ना?"

जेरल्डने टोपीही घेतली नाही. हेस्टर त्याच्यामागे धावली, आणि धावता धावता परत येऊन तिने वडिलांच्या लोणी लागलेल्या गालाचा मुका घेतला.

"म्हणजे वर्षासनाचं ठरलं तर!" मेजर म्हणाले.

मिसेस टिबिट्स यांनी त्या दिवशी जुन्या वस्तू गोळा केल्या नाहीत. त्यापेक्षा ताजी वस्तू त्यांना मिळाली होती. बँकेतील मुख्य रोखपाल हा छुपा खादाड आहे, ही वार्ता अंधार पडण्यापूर्वी गावभर झाली, आणि दारिद्र्य, वर्षासन व पर्वतशिखरावरची हवा, सर्व अर्थ तिच्याखाली चेंगरून मेले. तेव्हापासून हॉरेस ज्या ज्या घरी चहाला गेले, त्या त्या घरी यजमानीण डोळे मिचकावून त्यांच्यापुढे वेगळी बशी ठेवू लागली. बँकेचे व्यवस्थापकही एकदा त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "लॅथबरी, दुपारची सुटी थोडी वाढवून हवी असली, तर मोकळेपणानं सांगा." पोटावर कोट सैल असलेल्या त्या सडपातळ गृहस्थाचे जेवण जाते कुठे, याविषयी गावात सहानुभूतीने चर्चा होई.

विवाह ऑगस्टच्या अखेरीस चर्चमध्ये झाला, आणि मेजवानी क्वार्मबींच्या बागेत, थाटात झाली. लांब टेबलांवर पाहुण्यांसाठी लोणी-पावाच्या बशा मांडल्या होत्या, आणि प्रत्येक काप असा उतरला होता, की उन्हाची तिरीप त्यातून आरपार जाऊन चादरीवर सोनेरी डाग पाडीत होती. मिसेस क्वार्मबींनी आपल्या कलेची परिसीमा गाठली होती. हॉरेसनी ते पाहिले, आणि त्यांचा हात आपोआप पुढे झाला.

"अं हं, ते नाही," मिसेस क्वार्मबी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. "तुमचे वेगळे कापलेत मी. पहाटे उठून, माझ्या हातांनी." आणि त्यांनी हॉरेस यांच्यापुढे एक झाकलेले ताट ठेवून त्यावरचा रुमाल उचलला.

ढिगारा मागच्यापेक्षा उंच होता.

हॉरेसनी शेजारी रेव्हरंड पॉन्सफोर्ड यांच्या बशीतील त्या झिरझिरीत कापाकडे एकदा पाहिले. मग मिसेस क्वार्मबींच्या चेहऱ्याकडे पाहिले. पलीकडे हेस्टर हसत होती. त्यांच्या जिभेवर एक अतिशय सुंदर शब्द आला होता. तो त्यांनी गिळला.

"छान आहे," ते म्हणाले, आणि दोन्ही हातांनी वरचा काप उचलून त्यांनी तोंड उघडेल तेवढे उघडले.